सिटीचा सत्कार

बाई, इथे आमच्या गावाला दरवर्षी केंद्र सरकारकडून अनुदान येतं, आणि ते कशावर खर्च करायचं हे गावातल्या लोकांना विचारल्याशिवाय ठरवता येत नाही, असा नियम आहे. हे अगदी पहिल्या वाक्यात सांगून टाकलं, कारण ऐकून तुमचा चेहरा कसा झाला असता हे डोळ्यांपुढे आणायचं होतं. तुम्ही चष्मा कपाळावर सरकवला असता आणि म्हणाला असता, "खरंच विचारतात, की विचारल्यासारखं करतात?" मी इथे निम्म्याहून जास्त आयुष्य काढलं, पण या प्रश्नाचं उत्तर मला या वर्षीपर्यंत माहीत नव्हतं.

गाव म्हणतो ते सवयीने. आहे ते शहरच, डेट्रॉइटच्या कुशीतलं. रुंद रस्ते, प्रत्येक घरापुढे मेपलचं झाड, आणि चालणारा माणूस औषधालाही नाही. मी मोटारीचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत ड्रॉइंगं काढण्यात नोकरी संपवली. ही गेली. मग काचबिंदूने नजरेच्या कडा खाल्ल्या, तेव्हा मुलाने गाडीची किल्ली हळूच खुंटीवरून काढून घेतली. त्याचं चुकलं नाही. पण इथे किल्ली गेली म्हणजे पाय गेले, बाई. मुलगा आणि सून सकाळी कामाला जातात, नात कॉलेजसाठी दूर असते. घर इतकं शांत की मी सहावीतल्या कविता मोठ्याने चालीवर म्हणतो, तुम्ही लावून दिलेल्या चालीवर, आणि कडवं संपलं की फ्रिज घरघरतो. दाद दिल्यासारखा.

या शांततेला एकच दार होतं. बुधवारची आणि शुक्रवारची दुपारची व्हॅन. सिटीची, म्हणजे इथल्या नगरपालिकेची, पांढरी गाडी, आमच्यासारख्या गाडी न चालवणाऱ्या म्हाताऱ्यांना घरून उचलून कम्युनिटी सेंटरवर नेते आणि परत आणून सोडते. तिथे शुक्रवारी आमचं मराठी टोळकं जमतं. कोणी पुण्याचं, कोणी मुंबईचं, आणि एक नागपूरच्या वहिनी, ज्या रमीत सगळ्यांना धुऊन काढतात आणि वर म्हणतात, "तुमच्या पुण्यात पत्ते शिकवत नाहीत वाटतं, भाऊजी!" ही व्हॅन त्या अनुदानातून चालते हे आम्हाला कुणालाच ठाऊक नव्हतं. गेल्या हिवाळ्यात सिटीची एक बाई सेंटरवर आली, ग्रँटचं काम बघणारी, चाळिशीची असेल, पण आम्हाला आता चाळिशीच्या सगळ्या मुलीच वाटतात. तिने फळ्यावर भाकरीएवढं वर्तुळ काढलं. हे अनुदान, म्हणाली. यातलं बहुतेक घरांच्या दुरुस्तीला जातं. ज्यांची मिळकत कमी त्यांची गळकी छपरं, घर गरम ठेवणाऱ्या पण बंद पडलेल्या भट्ट्या, व्हीलचेअरसाठी दारापुढचा उतार. थोडं रस्त्यांना. मग तिने वर्तुळातून एक बारीक चतकोर कापला. सेवांवर कायद्याने एवढंच खर्च करता येतं. तुमची व्हॅन यात, आणि एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांच्या दारातला बर्फ काढायला माणसं जातात, तेही यातच. पुढच्या वर्षी चतकोर आणखी लहान होणार आहे. तर जाहीर सुनावणीला या आणि सांगा.

आम्ही गेलो, बाई. आणि काय केलं ते तुम्हाला सांगताना मला अजून कानकोंडं व्हायला होतं. आमच्या मराठी मंडळाचे अध्यक्ष मुंबईच्या बँकेतून निवृत्त झालेले. ते म्हणाले, "सिटीने आपल्याला इतकी वर्षं व्हॅन दिली. आपण कधी साधं थँक यू म्हटलं का?" सगळ्यांना एकदम पटलं. मलाही. ठरलं की सिटीचा सत्कार करायचा. कुणाच्या तरी मुलाने शिकागोच्या डेव्हन ॲव्हेन्यूवरच्या देशी दुकानातून शाल आणली. नारळ आला, त्याला हळदीकुंकू लावलं. बायका पैठण्या नेसल्या, आम्ही कोट घातले. आणि काव्य करायचं काम अर्थातच माझ्याकडे. मी इंग्रजीत चार कडव्यांचं गौरवगीत रचलं, बाई, यमकं जुळवून. सिटीला वटवृक्ष म्हटलं, आणि व्हॅनला चक्क पुष्पक विमान.

सुनावणीत बोलायला माणशी तीन मिनिटं. समोर वेळ दाखवणारे छोटे दिवे, हिरवा, पिवळा, लाल. अध्यक्षांनी शाल पुढे केली तशी ती ग्रँटवाली घाबरून मागे सरली. "सॉरी सर, आय कान्ट ॲक्सेप्ट गिफ्ट्स." मग शाल परत घडी झाली आणि नारळ समितीच्या टेबलावर तसाच बसून राहिला. गावातले सात-आठ लोक समितीवर, ते सगळे त्याच्याकडे बघत होते. मी काव्य वाचलं. टाळ्या पडल्या, खोटं कशाला सांगू, मला बरं वाटलं. मग समितीतल्या एकाने विचारलं, "व्हॅनबद्दल काही अडचण? काही गरज?" बाई, त्यांनी खरंच विचारलं. मागून नागपूरच्या वहिनी माझा कोट ओढत होत्या. "सांगा ना हो, व्हॅन बंद झाली तर आपण मेलो म्हणून सांगा." मी मान मागे वळवून म्हणालो, "आज नको, वहिनी. सत्काराच्या दिवशी रडगाणं बरं दिसत नाही." आणि अध्यक्ष माइकमध्ये सांगत होते, "नो प्रॉब्लेम ॲट ऑल! एव्हरीथिंग फर्स्ट क्लास! अवर चिल्ड्रन आर व्हेरी वेल सेटल्ड!"

आमच्यानंतर एक गोरा म्हातारा वॉकर सरकवत आला. कोट नाही, कविता नाही. म्हणाला, "माझ्या दारातला बर्फ काढायला येतात ते बंद करू नका. मी एकदा पडलोय. पुन्हा पडलो तर मला घर सोडावं लागेल." एवढंच. हिरवा दिवा पिवळादेखील झाला नाही. वॉकर वळवून तो परत गेला.

वसंत लागता लागता आराखड्याचा मसुदा आला. तो लोकांना वाचायला वाचनालयात ठेवतात, महिनाभर सूचना घेतात. सुनेने मला फोनवर अक्षरं मोठी करून दाखवलं. बर्फाची सेवा चालू. व्हॅन बंद. कारण दिलं होतं की व्हॅन वापरणारे समाधानी दिसले, त्यांना कुटुंबाचा आधार आहे आणि कोणतीही निकड मांडली गेली नाही. मी त्या ग्रँटवालीला फोन लावला. आवाज चढला असेल थोडा. ती शांतपणे म्हणाली, "सर, तुम्ही सगळे इतके आनंदी होता. मी काय लिहायला हवं होतं?" मग म्हणाली, "मसुदा मंजूर व्हायच्या आधी सिटी कौन्सिलसमोर अजून एक सुनावणी आहे. आणि सर, प्लीज, या वेळी थँक यू म्हणू नका."

फोन ठेवला आणि मी खिडकीशी बसून राहिलो. तेव्हा तुम्ही डोळ्यांपुढे आलात, बाई. तो शाळेच्या तपासणीचा दिवस आला. साहेब खुर्चीवर बसलेत, गळ्यात झेंडूचा हार, आम्ही पोरं पटांगणात, आणि मी पुढे उभा राहून तुम्ही रचलेलं स्वागतगीत म्हणतोय. आवाज तेव्हा चांगला होता माझा. साहेब खूश होऊन हेडमास्तरांना विचारतात, "मग? शाळेचं ठीक चाललंय ना?" हेडमास्तर हात जोडून म्हणतात, "आपल्या कृपेने उत्तम." आणि तुम्ही, कोणी विचारलेलं नसताना, पांढऱ्या सुती पातळाचा पदर खांद्यावर घट्ट ओढून उभ्या राहता. "साहेब, सातवीच्या वर्गावर कौलं नाहीत. मुलं पावसात भिजतात."

दुसऱ्या दिवशी मी कविता पाठ म्हणून दाखवायला तुमच्या घरी आलो. तुम्ही स्वयंपाकघरात स्टोव्हला पिन करत होता आणि पिन भोकात जात नव्हती. मी पाटावर बसून विचारलं, "बाई, आमचं गाणं चांगलं झालं नव्हतं का?" तुम्ही म्हणालात, "फार छान झालं रे. म्हणून तर उठावं लागलं. तेवढ्यावरच साहेब जेवायला उठले असते." "तुम्हाला भीती नाही वाटली?" तुम्ही पिन खाली ठेवली आणि हात पुढे केला. "अजून वाटतेय. हा बघ, पिनसुद्धा नीट धरवत नाही." कौलं आली दिवाळीनंतर. पण तोवर हेडमास्तरांनी तुमच्याकडून मराठी काढून शिवणकाम दिलं होतं. वर्षभर तुम्ही मुलींना काजं-बटणं शिकवलीत आणि शेजारच्या वर्गात हेडमास्तर स्वतः कविता शिकवायचे, वर्तमानपत्र वाचल्यासारखी. भिंतीपलीकडून तुम्हाला ते ऐकू जात असेल. वाईट वाटलं का हो तुम्हाला? कौलांसाठी कविता गेली याचं? मला तेव्हा विचारायचं सुचलं नाही.

कौन्सिलच्या सुनावणीला सून मला घेऊन गेली. वहिनी मागच्या सीटवर, हातात पर्स घट्ट धरून. "लाल दिवा लागला तरी मी थांबणार नाही, सांगून ठेवते," त्या म्हणाल्या. "पोलीस बोलावतील तर बोलावू देत. व्हॅनपेक्षा त्यांचीच गाडी बरी, घरापर्यंत सोडतील." सून हसली. मी हसलो नाही. मला तिच्यासमोर जे बोलायचं होतं ते मी घरात कधी बोललो नव्हतो. आपल्याकडे असं बोलणं म्हणजे मुलाच्या घराची अब्रू वेशीवर टांगणं. व्हॅन हवी असेल तर तेच बोलावं लागणार होतं.

माइकपाशी गेलो. दिवे मला धूसर दिसत होते, आणि ते बरंच झालं. मी म्हणालो की माझा मुलगा आणि सून माणसं म्हणून फार चांगली आहेत. सकाळी ते गेले की घराचं दार बंद होतं ते संध्याकाळी उघडतं. मधल्या वेळात मी कुणाशी बोलत नाही. मला पैसे नकोत, जेवण नको, ते घरात भरपूर आहे. व्हॅन येणार असते त्या दिवशी मी दाढी करतो. येणार नसते त्या दिवशी करत नाही. पुढे काही सुचेना, म्हणून परत फिरलो. वहिनी माझ्यानंतर मराठीतच सुरू झाल्या आणि सून उभी राहून त्यांचं इंग्रजी करत गेली. मधेच तिचा आवाज बसला. वहिनी तिला म्हणाल्या, "पाणी पी, पोरी, मी थांबते," आणि लाल दिव्याकडे न बघता खरंच थांबल्या.

गाडीत सून एकदाच म्हणाली, "बाबा, हीटर वाढवू?" घरी आल्यावर मुलगा मात्र चिडला होता. "बाबा, यार, पब्लिक मीटिंगमध्ये? ते सगळं सिटीच्या चॅनलवर दाखवतात. माझ्या ऑफिसमधले लोक बघतात." मी म्हटलं, "तुमचं चांगलंच सांगितलं रे." "तोच तर प्रॉब्लेम आहे," तो म्हणाला. "चांगलं सांगूनही आम्ही तुम्हाला कोंडून ठेवल्यासारखं वाटलं." काही दिवस तो माझ्याशी कामापुरतं बोलला. मग एका संध्याकाळी येऊन निमूट माझ्या डोळ्यांत थेंब घालायला लागला, आणि ते तेवढ्यावर मिटलं. निदान वरून तरी.

कौन्सिलने शेवटी आराखडा मंजूर केला. छपरं, भट्ट्या, उतार सगळं तसंच. वॉकरवाल्या म्हाताऱ्याच्या दारातला बर्फ काढणंही तसंच, आणि त्याचं मला मनापासून बरं वाटलं. ते बंद पडलं असतं तर आमच्या व्हॅनमुळेच पडलं असतं, आणि मला त्या माणसाकडे बघता आलं नसतं. व्हॅन राहिली, पण शुक्रवार गेला. आमचाच वार. त्या चतकोरात तेवढंच बसलं. वहिनी म्हणाल्या, "शुक्रवार गेला तर जाऊ दे. बुधवारी काय पत्ते उलटे पडतात?" म्हणजे बाई, खरंच विचारतात. पण सांगावं लागतं, आणि सांगितल्यावर निम्मं मिळतं. तुमच्या काळात कौलं तरी पुरी आली होती.

हे पत्र कुठे टाकायचं हे मला ठाऊक नाही, त्यामुळे ते इथेच राहील. पण ज्यासाठी लिहायला बसलो ते अजून लिहिलेलं नाही. काल संध्याकाळी सून भाजी निवडायला माझ्याजवळ बसली. बऱ्याच वेळाने खाली बघतच तिने विचारलं, "बाबा, त्या दिवशी तुम्ही जे बोललात, ते तसंच असतं का रोज?" मी पटकन हसलो आणि म्हणालो, "छे गं. सिटीसमोर जरा वाढवून सांगावं लागतं. नाहीतर व्हॅन कशी मिळणार?" तिने माझ्याकडे पाहिलं, तिला हायसं वाटलं, आणि ती भाजी घेऊन आत गेली. वाढवून काहीच सांगितलं नव्हतं, बाई. थोडं कमीच सांगितलं होतं.