ओसामाला दहापैकी किती

भिवंडी,
१२ एप्रिल २०२५

चि. ओवीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र मिळालं. तुझ्या आईला वाचून दाखवलं. सुचेताताईचं म्हणणं पडलं की मामा-भाची पत्रातून खुशाली विचारतात की निकाल लावतात. मी म्हटलं, प्लेऑफच्या दिवसांत खुशाली विचारायची आपल्याकडे पद्धत नाही. खेळाडूंचे मार्क फोनवर सांगायचे नाहीत, पत्रानेच कळवायचे, हा नियम तूच केलास. कारण फोनवर मी आवाज चढवतो आणि तू मार्क वाढवून देतेस. पोस्टात पडलेलं मत बदलत नाही, हे खरं.

तर आपल्या भिवंडी धोटे संघाने पुण्याला लोळवलं आणि सेमीफायनल गाठली. संघाचे मालक शेठ, त्यांना नाव 'टायगर्स' हवं होतं, पण बास्केटबॉलच्या सह्याद्री लीगमध्ये तीन वाघ आधीच असल्यामुळे आमच्या वाट्याला मागावरचा धोटा आला. माझे मार्क असे. बाहेरून आणलेला सेंटर, चार. उंची सहा फूट दहा इंच, त्यातले वरचे दहा इंच काय ते कामाला आले. मिहिर, सहा. शॉट पडला की प्रेक्षकांकडे बघतो, नाही पडला की बोर्डाकडे, जणू बोर्ड कुणी हलवला. ओसामा, नऊ. दहावा मार्क मी कुणाला देत नाही, तो डोक्यात जातो.

टीव्हीवरचे समालोचक ओसामाच्या पासला टेलिपथी म्हणत होते. मी एकटाच हसलो. मी या पोरांना खेळ शिकवला त्या शाळेच्या कोर्टाला लागून त्याच्या बापाचा, गुलाम हुसेनचा, लूमचा कारखाना. त्या खडखडाटात ओरडून शेजारच्यालाही ऐकू जात नाही, म्हणून पोरं कामगारांसारखी हाताने बोलायला शिकली. कामगार कानाची पाळी ओढून धागा तुटल्याचं सांगतो, ओसामा तेच करून मिहिरला डावीकडून पळवतो. मनगट झटकलं की पास मागच्याला. समालोचकांना सुटाबुटात हे कुठून कळणार.

एक काळजी आहे. संघाचा मॅनेजर केसरीनाथ सांगत होता की पुढच्या हंगामात शेठ गावची दोनच पोरं ठेवणार, बाकी भरती बाहेरून. प्लेऑफमधला खेळ बघून ठरणार. ओसामा राहिला नाही तर त्याला कारखान्यात बसवायचं, असं गुलाम हुसेन धामणकर नाक्यावर चहा पिता पिता मला इतक्या शांतपणे म्हणाला की मलाच चहा कडू लागला.

कळावे. लोभ आहेच. आमचा आणि तुझा नाशिकचा संघ समोरासमोर आले तर तेवढी चाळीस मिनिटं तो खुंटीला टांगू.

तुझा,
श्रीनाथमामा

नाशिक,
१९ एप्रिल २०२५

ती. स्व. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

आले की हो समोरासमोर. तुमचे धोटे आणि आमचे गरुड, तीन सामन्यांची फायनल. ऑफिसात सगळे माझ्याकडे असे बघतात जसं लग्नात दोन्हीकडच्या नातेवाइकाकडे बघतात.

सेमीफायनलचे माझे मार्क. तुमच्या सेंटरला तीन. तुम्ही चार दिलेत ते उंचीला घाबरून. मिहिरला सात, या वेळी त्याने प्रेक्षकांकडे एकदाच पाहिलं. ओसामाला साडेनऊ. तुमच्यापेक्षा अर्धा जास्त दिला म्हणून खवळू नका. शेवटच्या मिनिटात त्याने जो चेंडू स्वतः न टाकता कोपऱ्यात दिला, तो अर्धा त्याचा.

आता एक मागणं. फायनल संपेपर्यंत पत्रं थांबवू या. मी इथे विश्लेषक म्हणून पगार घेते. आमचे कोच रोज विचारतात, तू भिवंडीची ना, मग ह्या पोराचं काय ते सांग. मी म्हणते, भिवंडी सोडून मला वर्षं झाली. हे उत्तर किती दिवस पुरेल, मला माहीत नाही. तुम्ही काही लिहू नका, म्हणजे मला काही वाचावं लागणार नाही.

आईला सांगा, डबा खाते. माझ्यावरची माया कमी करू नका, पत्रं मात्र थोडे दिवस कमी करा.

आपली,
ओवी

भिवंडी,
२६ एप्रिल २०२५

चि. ओवीस,
आशीर्वाद.

पत्रं थांबवणार नाही. तू कॉलेजात असल्यापासून आपण मार्क कळवतो आहोत, ते काय नाशिकच्या कोचला विचारून? तुला मी ओळखतो. पगार घेतेस म्हणून घरचं विकशील, असं वाटलं असतं तर पत्ताच लिहून घेतला नसता.

पहिला सामना नाशिकला तुमच्या हॉलमध्ये गेला, तो टीव्हीवर बघितला. बघवला नाही. आमचा सेंटर दोन, झाडाला दिले असते तर तीन दिले असते. मिहिर पाच. आणि ओसामा, तीन. हो, तीन. प्रत्येक पास तुमच्या पोरांच्या हातात. जणू आमंत्रण देऊन बोलावलं होतं. लागोपाठ चुकला, तरी तेच, तसंच. मी टीव्हीला शिव्या घातल्या, तुझी मामी उठून शेजारी गेली.

दुसऱ्या दिवशी केसरीनाथ घरी आला. म्हणाला, शेठना तुमचं मत लेखी हवंय, सर, तुम्ही त्या पोराला घडवलंत. मी तीन मार्क लिहून दिले. खरं तर मनात चार होते. पण उद्या कुणी म्हणायला नको की टिपणीस सरांनी आपल्या पोराला झुकतं माप दिलं, म्हणून एक कापला. शाळेतही मी हेच केलं, शिकवणीच्या पोरांना एक मार्क कमीच. त्यानेच ती घडली.

दुसरा सामना इथे आहे, आमच्या हॉलमध्ये. पोरगा सावरेल आणि मी तिनाचे आठ करून देईन. लोभ खुंटीवर आहे, पडलेला नाही.

श्रीनाथमामा

भिवंडी,
३० एप्रिल २०२५

कु. ओवी वैद्य,
विश्लेषक, नाशिक गरुड यांस,
स. न. वि. वि.

आपल्या संघाचं अभिनंदन. दोन सामन्यांत फायनल आटोपलीत, तिसऱ्याच्या तिकिटाचे पैसे वाचले.

काल मी बाकावर आमच्या पोरांच्या मागेच बसलो होतो. तुमचा तो उंच गार्ड चेंडूकडे बघतच नव्हता. तो ओसामाच्या कानाकडे बघत होता. ओसामाचा हात कानाकडे गेला रे गेला की तो डावीकडे जाऊन उभा. मनगट हललं की मागे. पुण्याला, कोल्हापूरला, मुंबईला जे वर्षभर जमलं नाही, ते तुमच्या पोरांना चार दिवसांत कसं जमलं, हे विचारायला मला कोचची गरज नाही. मी बारा तारखेला माझ्या हाताने लिहून पाठवलंय. तुला विश्लेषक म्हणून पगार मिळतो, मी तेच काम फुकटात केलं.

तसाच उठून केसरीनाथकडे गेलो. सांगितलं, माझे तीन मार्क मागे घे, पोरगा चुकला नाही, त्याला वाचलं गेलं. तो म्हणाला, यादी शेठकडे गेली आणि सहीसुद्धा झाली. वर म्हणाला, ओसामाला काढताना शेठ जरा अडखळत होते, पण तुमचं अक्षर बघितलं आणि सोपं झालं. मला खुर्ची दिली, पाणी दिलं. इतका मान मला मुख्याध्यापक असतानाही मिळाला नव्हता.

सुचेताताई विचारते, ओवी जिंकली तर घरात पेढे का नाहीत. तिला तूच सांग.

लोभाचं काय करायचं ते आपण आपल्या करारात पाहून घ्यावं.

श्रीनाथ टिपणीस

नाशिक,
५ मे २०२५

ती. स्व. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

हो, मीच सांगितलं. कोचनी विचारलं तेव्हा आणखी एक दिवस टाळलं आणि दुसऱ्या दिवशी फळ्यावर काढून दाखवलं. कान, मनगट, भुवई, सगळं.

पण तुमच्या पत्रातून नाही. तुम्ही दोन खुणा लिहिल्या होत्यात, मामा. मला चौदा येतात. आठवीत मी तुमच्याकडे खेळायला आले तेव्हा तुम्ही म्हणालात, पोरांमध्ये कुठे धक्के खातेस, टेबलावर बस आणि गुण मांड. बसले. शाळा सुटेपर्यंत बसले. पोरं खेळत होती आणि मी त्यांचे हात बघत होते, दुसरं करायला काही नव्हतं. मला चेंडू दिला असतात तर मी चेंडू बघितला असता.

हे मी केलेल्याची सबब म्हणून लिहीत नाही. समोरच्याचा खेळ ओळखणं हेच माझं काम आहे आणि ते मी केलं. हॉलमध्ये ओसामाने एकदा मान वळवून माझ्याकडे बघितलं. मी कागदात डोकं घातलं. त्या क्षणाचे मार्क तुम्ही द्यायची गरज नाही, ते मी दिलेत.

आता माझा हिशेब ऐका. सामन्यानंतर आमच्या ऑफिसला दिलेल्या अहवालात मी त्याला आठ दिले. खुणा उघड्या पडल्यावरही तो एकटा दोन्ही सामन्यांत संघ ओढत होता, शेवटपर्यंत. तो हरत होता आणि तरी कोपऱ्यातल्या पोराला चेंडू देत होता. मी शत्रू, आठ लिहिले. तुम्ही त्याचे सर, तीन लिहिलेत, तेही एक कापून. त्याला मी यादीतून काढलं नाही, मामा. मी फक्त हरवलं.

इथे त्याला बोलवायचं ठरतंय. मी शब्द टाकलाय. तो आला तर तुम्हाला बरं वाटेल की वाईट, मला खरंच कळत नाही.

आईने पेढे वाटले, मला फोटो पाठवला. लोभ मागण्याजोगी माझी आज बाजू नाही, तरी सवयीने मागते.

ओवी

भिवंडी,
१९ मे २०२५

आदरणीय टिपणीस सरांना,
ओसामाचा सलाम.

तुम्ही दोनदा घरी येऊन गेलात. दोन्ही वेळा मी आत होतो. अम्मीने तुम्हाला खोटं सांगितलं, तिच्यावर राग धरू नका, मीच सांगायला लावलं. तोंडावर बोलायला गेलो तर तुमच्यासमोर मला फक्त हो सर येतं, म्हणून लिहितो.

नाशिकला पहिल्या क्वार्टरमध्येच मला समजलं होतं की ते आमचे हात वाचतायत. ओवीताई दिसल्या तेव्हा खात्री झाली. तुम्ही विचाराल, मग बदललं का नाहीस. काय बदलणार, सर? गावच्या बाकीच्या पोरांना दुसरं काही येतच नाही, आम्हाला तुम्ही दुसरं शिकवलंच नाही. मी ओरडून सांगायला गेलो तर मिहिर थांबून माझ्या हाताकडेच बघायचा. मग ठरवलं की चालू ठेवायचं. केसरीनाथभाऊंना कळणार नाही, शेठना तर नाहीच. पण टिपणीस सर टीव्हीवर बघतायत, त्यांना पाच मिनिटांत कळेल आणि ते फोन करून आमच्या बाकावर सांगतील. मी ब्रेकमध्ये दोनदा विचारलं, सरांचा फोन आला का.

दुसऱ्या दिवशी केसरीनाथभाऊंनी तुमचा कागद दाखवला. त्यांना वाटलं मी रडेन. मी अक्षर ओळखलं, एवढंच.

ओवीताईंचाही फोन आला. पगार चांगला सांगतायत, राहायची सोयपण. मी नाही म्हटलं. अब्बा म्हणाले, वेडा आहेस, कारखान्यात बसायचंय का तुला. मी म्हटलं, बसणार नाही, नागपूरला ट्रायल आहे, तिकडे जातो. त्यांनी विचारलं, नागपूरला आपलं कोण आहे.

कोणी नाही. म्हणून तर जातोय.

दुवा मागायची सवय तुमच्याकडूनच लागली, पण या वेळी राहू द्या.

ओसामा