जिन्याखालची जागा

प्रिय मशीनमावशी,

तू माझ्याहून नऊ वर्षांनी लहान, तरी अख्ख्या बिल्डिंगची मावशी, म्हणून मायन्यात तेच घातलं. काल फोनवर तू इतकी खुशीत होतीस की मला मध्ये तोंड घालता आलं नाही. असं माझ्या बाबतीत सहसा होत नाही, हे तुझ्याइतकं कोणाला माहीत. रविवारी सोसायटी तुझा सत्कार करणार, येताना शिलाई मशीन घेऊन या म्हणाले, म्हणजे जिन्याखालची जागा परत देणार, असा तू हिशेब बांधलास. त्या भरवशावर दवाखान्याशेजारच्या गाळेवाल्याला शनिवारपर्यंत झुलवत ठेवलंस. म्हणून मुद्द्याचं आधी लिहिते. जागा मिळणार नाही. गाळा हातचा घालवू नकोस. तुझा विश्वास बसणार नाही, तेव्हा सगळं नीट सांगते.

तुला हलवून दोन वर्षं झाली. तेव्हापासून बिल्डिंग फार शांत आहे. पूर्वी निम्म्या घरांच्या किल्ल्या तुझ्या मशीनच्या खणात असायच्या. कोणाचं पार्सल आलं, कोणाचा ताप उतरला, कोणाची मुलगी शाळेतून अजून आली नाही, हे विचारायला माणूस आधी तुझ्यापाशी थांबायचा. पँटची झिप हे नुसतं निमित्त. पहिल्या मजल्यावरचा हिशेबनीस आणि पाचव्यावरची नर्स अकरा वर्षं एकाच लिफ्टने वरखाली करत होते, पण एकमेकांशी पहिल्यांदा बोलले ते तुझ्याकडे पडद्यांची किनार मारून घेताना. आता लिफ्टमध्ये सगळे आपापल्या बुटांकडे बघतात. गेल्या हिवाळ्यात ती नर्स सहा दिवस अंथरुणाला खिळून होती. आम्हाला कळलं ती बरी होऊन कामावर गेल्यावर.

आणि आता सोसायटीवाल्यांना आपुलकीचा झटका आला आहे. पालिकेने आपुलकीच्या परिसरांची स्पर्धा काढली, जिंकणाऱ्याच्या फाटकावर पितळी पाटी. लगेच आपल्याकडे शेजारस्नेह समिती. अध्यक्ष तेच, ज्यांना समोरच्या दारातल्या माणसाचं आडनाव पाटी वाचून सांगावं लागतं. एक सल्लागार मुलगी पैसे देऊन बोलावली. तिने आम्हा म्हाताऱ्यांना गच्चीवर गोल उभं केलं आणि लोकरीचा गुंडा एकमेकांकडे फेकत स्वतःबद्दल एकेक गोष्ट सांगायला लावली. चौथ्या मजल्यावरच्या गृहस्थांना एकाहत्तराव्या वर्षी शोध लागला की भिंतीपलीकडचा शेजारी व्हायोलिन वाजवतो. रेडिओ मोठा लावतो म्हणून हे त्याला आठ वर्षं शिव्या घालत होते. अध्यक्षांच्या पायात लोकर अडकली ती कात्रीने कापावी लागली, आणि कात्री आणायला कोणाकडे जायचं यावर पाच मिनिटं गेली. तेव्हा कोणीतरी हळूच म्हणालं, मावशी असती तर.

जिन्याखाली, तुझं मशीन असायचं तिथे, दोन सोफे आणि प्लास्टिकचं झाड ठेवलं आहे. वर पाटी, 'या, बोलू या'. कोणी बसत नाही. तिथे बसलं की घरी बोलायला कोणी नाही, हे चारचौघांना दिसतं ना. तुझ्याकडे येणाऱ्याच्या हातात निदान फाटलेलं काहीतरी असायचं.

मग परीक्षकांनी कळवलं की तुमच्या परिसरातली एखादी हृद्य गोष्ट पाठवा. तेव्हा यांना तू आठवलीस. मागच्या बैठकीला मी होते. सोफे तासभर बाजूला करायचे, तुला मशीनवर बसवायचं, हातात गुच्छ द्यायचा, फोटो काढायचा. फोटो झाला की मशीन टेम्पोत चढवून द्यायचं. टेम्पो जायचा-यायचा ठरवून ठेवला आहे. जागेचं काय, असं मी विचारलं. अध्यक्ष म्हणाले, बाई, तो विषय बंद झाला आहे, तुम्हाला तर माहीतच आहे. आणि माझ्याकडे बघून हसले.

आता आमच्या ह्यांच्याबद्दल लिहिते. रोज संध्याकाळी पाय मोकळे करायला म्हणून खाली जायचे आणि तुझ्या स्टुलावर तासभर बसायचे. मला वाटायचं, बसू दे, तेवढाच घरात निवांतपणा. माझ्याशी त्यांचं बोलणं म्हणजे नळ गळतोय आणि विजेचं बिल आलं. ते गेल्यावर तू भेटायला आलीस, माझा हात धरलास आणि म्हणालीस, साहेबांना त्या ऑपरेशनची फार भीती वाटत होती हो, रडले होते माझ्यापाशी. तू मायेनेच बोललीस. पण मला ते ठाऊक नव्हतं. मला ते म्हणाले होते, किरकोळ आहे, तू सोबतही येऊ नकोस. मीही गेले नाही. छत्तीस वर्षांचा संसार, आणि माझ्या नवऱ्याच्या मनातलं मला जिन्याखालून कळावं.

त्यानंतर तीन आठवड्यांनी तुझ्याविरुद्ध तक्रार गेली. वाटेत अडथळा, कापडाच्या चिंध्यांमुळे आगीचा धोका, परक्यांची ये-जा. तू वॉचमनवर संशय घेतलास, मग दुसऱ्या मजल्यावरच्या वकिलावर. ती मी लिहिली होती, मावशी. विमा कचेरीत एकोणतीस वर्षं मी लोकांचे दावे फेटाळणारी पत्रं लिहिली. समोरच्याला पुन्हा तोंड उघडता येऊ नये असं कसं लिहायचं, हे मला झोपेतही जमतं. त्यात मी मुद्दाम एक वाक्य घातलं, की ही जागा पुढे कोणत्याही व्यवसायाला कधीच देऊ नये. सर्वसाधारण सभेत ते जसंच्या तसं मंजूर झालं. म्हणून सांगते, जागा मिळणार नाही. वाट मीच बुजवली आहे, आणि मी कामात कधी कसूर केली नाही. परवा तू मला म्हणालीस, बाई, तुमचं अक्षर सुंदर, जागेसाठी माझा अर्ज तुम्हीच लिहून द्या. ती तक्रार लिहिल्यापासून मी लेखणी हातात धरलेली नव्हती. तक्रारीची प्रत सोबत जोडली आहे, अक्षर ओळखशील. माफी मागत नाही, कारण तू ती लगेच देऊन टाकशील आणि मग मी कुठे तोंड लपवू. फक्त शनिवारच्या आत गाळेवाल्याला हो म्हणून टाक. तिथे कोणी माझ्याबद्दल विचारलं, तर ओळखत नाही म्हण.

तुझीच म्हणवून घ्यायचा हक्क नसलेली,
तिसऱ्या मजल्यावरची बाई