टाळू भरेपर्यंत

कोळवण, तालुका मुळशी
मार्गशीर्ष वद्य पंचमी, शके १८८०

तीर्थस्वरूप गंगाभागीरथी आक्का यांच्या चरणी धाकट्या कोंडिबाचा साष्टांग नमस्कार.

इकडे आम्ही सारे खुशाल आहोत, भात खळ्यावरून घरात आलं आहे. तुझा गुडघा कसा आहे ते नीट कळव. नुसतं "बरा आहे" लिहू नकोस, भावजींच्या आजारपणातही तू सगळं बरंच आहे असं लिहीत होतीस. आता मुख्य विषय. शुक्रवार पेठेतल्या खोलीचं कुलूप काढताना आतून कुणाची चाहूल येत नाही ते सोसवत नाही, म्हणून एखादं लहानसं जातिवंत कुत्रं बघ, असं तू लिहिलंस. वर शेजारच्या मास्तरणीने इंग्रजी पुस्तकातून काढून दिलेल्या सूचनाही कळवल्यास: डोळे गळके नकोत, चालताना गुडघ्याची वाटी सरकायला नको, टाळू भरलेली हवी. आणि शेवटी लिहिलंस, "जगेल असंच आण, कोंडिबा. ह्यांच्यामागे आणखी कुणाला डोळ्यांदेखत जाताना बघायची ताकद माझ्यात उरली नाही." ते वाचलं आणि मी भाताच्या राशी तशाच टाकून कुत्र्याच्या शोधाला लागलो.

धरणाकडच्या बंगल्यातल्या पारशी बाईंच्या पॉमेरियन कुत्रीला पिल्लं झाली होती. पारख करायला मी चुलतभाऊ हैबतरावाला बरोबर नेलं (त्याला दाखवल्याशिवाय या खोऱ्यात कुणी बैल दावणीला बांधत नाही, हे तू जाणतेसच), आणि इथेच चुकलो. त्याने पहिल्याच पिल्लाचा जबडा उघडून दात बघितले. मग अंगावरचे शुभ-अशुभ भोवरे शोधू लागला. त्या कापसाच्या ढिगात भोवरा सापडेल तर शपथ. शेपूट उचलून झाली, पाठीवर थाप मारून झाली, तेव्हा पिल्लूच आडवं झालं. "खांदा न्हाई, खूर न्हाई, आता पारखायचं तरी काय?" म्हणून तो वैतागला. पिल्लांची आई इतका वेळ नुसती बघत होती. ती उठली आणि त्याच्या धोतराचा सोगा तोंडात धरून थेट बागेत गेली. बाई मोठ्या सभ्य, त्यांनी आम्हांला तरीही चहा दिला.

त्यातलं एक पिल्लू मात्र तुझ्या सगळ्या सूचनांत बसणारं निघालं. डोळे स्वच्छ, चाल ठणठणीत. तेच न्यायचं ठरलं आणि ते गुंडाळून घ्यायला हैबतरावाने फेटा सोडून जमिनीवर ठेवला. एवढ्यात कपाटाखालून मुठीएवढं दुसरंच एक पिल्लू मागचा पाय उचलून लंगडत आलं, फेट्यात चढलं आणि झोपलं. बाईंनी खरं ते सांगितलं: याची गुडघ्याची वाटी सरकते, डोळा गळतो, टाळूही भरलेली नाही, याला कुणी नेणार नाही. म्हणजे तुझ्या पत्रातले सगळे दोष एकाच जिवात. मी त्याला उचलायला वाकलो तर हैबतराव माझ्यावरच उखडला. "फेट्यात आलेलं कुनी भायेर टाकतं व्हय?" आणि तो माणूस मांडीवर फेटा धरून एस.टी.तून बोडक्या डोक्याने आला. (त्याचं टक्कल या खोऱ्याने प्रथमच पाहिलं.)

वाटेत पौडला गुरांच्या डॉक्टरांना दाखवलं. ते म्हणाले, टाळू सावकाश भरेल, कदाचित पुरती भरणारही नाही. डोक्याला मार लागू देऊ नका, उंचावरून उडी मारू देऊ नका, उपाशी ठेवू नका, थोडंथोडं पण वरचेवर खायला घाला. जगेल का, असं विचारलं तर म्हणाले, जपलंत तर का नाही जगणार? हे सगळं घरी तुळजेला सांगायला बसलो, पण "टाळू" एवढा शब्द कानावर पडताच तुझी भावजय पुढचं ऐकायला थांबलीच नाही. आता पिल्लाच्या टाळूवर रोज कोमट खोबरेल थापलं जातं, ओव्याची धुरी होते (ते शिंकतं, मग तीही शिंकते), तीट लागते, आणि डोक्याला आमच्या थोरल्याचं जपून ठेवलेलं टोपडं असतं. शेजारच्या बाया बघायला येतात त्या रिकाम्या हाताने येत नाहीत. परवा एकीने अळिवाचे लाडू आणले. पिल्लाला ते चालत नाहीत आणि बाळंतीण धरणावर राहिली, म्हणून ते मीच खातो.

काल म्हातारी सारजाबाई सुईण काठी टेकत आली. पिल्लाच्या टाळूवर बोट ठेवून म्हणाली, "ह्ये काय हाताला लागत न्हाई, जगायचं न्हाई." तुळजा रडायलाच लागली. मला मात्र एकदम धीर आला. आई गेली तेव्हा मला बघून याच सारजाबाईने हेच सांगितलं होतं ना? तू परकरातली पोर, शाळा सोडून मला मांडीवर घेऊन टाळूवर तेल जिरवत बसायचीस. आज माझ्या डोक्यावर लाकडाची मोळी पडली तर मोळीच मोडेल. आक्का, माझी टाळू तू भरलीस. ते तेल मला अजून पुरतंय.

तेव्हा पिल्लू तिकडे पाठवता येत नाही. पौडच्या रस्त्याचे धक्के त्याला सोसणार नाहीत. तूच ये. तुम्हां दोघांचे गुडघे इथे एकाच शेगडीवर शेकता येतील. पत्राअखेर मोठ्यांना नमस्कार सांगायचे असतात, पण आता तुझ्याहून मोठं कुणी उरलं नाही. सगळे तूच घे.

तुझा,
कोंडिबा

ता. क. धक्क्यांचं मनावर घेऊ नकोस. बंगल्यापासून इथवर ते घोरत आलं, जागा होता तो हैबतराव. शिवाय ते दुसरं धडधाकट पिल्लू बाईंनी तुझ्यासाठी राखून ठेवलंय. तू म्हणालीस तर पुण्याला आणून देईन. पण मला ते आणून द्यायचं नाही. तुझ्या खोलीत कुत्रं असण्यापेक्षा आमच्या घरात तू असावीस, असं आम्हां दोघांना वाटतं. हे पहिल्याच ओळीत लिहिणार होतो, पण तू रागावतेस.

आणखी ता. क. पिल्लाला अजून नाव नाही. बाया विचारून थकल्या. तुळजा म्हणते, आत्या आल्याशिवाय बारसं कसं करायचं? येताना पिशवी नको, ट्रंक आण.