खांब सोडायचा नाही

ती. ताईस,

धाकटीचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत, भावजींचा खोकला हटला का, आणि ते अजून रेडिओ कानाशी घेऊनच झोपतात का, ते सवडीनं कळव. इकडे सगळे ठीक. मीही ठीक आहे, पण मधे एक दिवस अशी घाबरले, की हे लिहितानासुद्धा अक्षर हलतंय (एरवीही हलतंच म्हणशील, चौथीतून उठवलेल्या बाईचं अक्षर ते. पण आजचं हलणं वेगळं आहे, नीट बघ).

तर मी बारकीबरोबर संमेलनाला गेले होते. बारकी म्हणजे थोरल्याची मुलगी (आता माझ्यापेक्षा वीतभर उंच आहे, पण नाव पडलं ते पडलं). शाळा बदलल्यापासून ही पोर कुणाशी बोलेना. घरी आली की दार लोटून जपानी चित्रांच्या गोष्टी बघत बसायची. त्याला ॲनिमे म्हणतात. कार्टून म्हणायचं नाही, मी एकदा म्हटलं तर माझ्याशीही अबोला धरला. मग मीच तिच्या शेजारी जाऊन बसायला लागले, आणि खोटं कशाला सांगू, मलाच गोडी लागली. या गोष्टींच्या वेड्यांचं एक संमेलन भरतं, सगळे त्यातल्या पात्रांची सोंगं घेऊन येतात, आणि मुलांबरोबर मोठं माणूस असल्याशिवाय आत सोडत नाहीत. थोरल्याला वेळ नाही, सुनेचं डोकं दुखतं, तेव्हा मोठं माणूस मी. निघताना थोरला म्हणाला, आई, तिला नजरेआड होऊ देऊ नकोस, काही झालं तर तिचं हे असलं सगळं बंद. मी म्हटलं, अरे, तुला नाही हरवलं, तर तिला कशी हरवेन. बारकीनं लालभडक केसांचा टोप घातला होता. मला बरंच वाटलं, कुठूनही दिसेल.

तिथे पोचलो तर आधी तिकीट काढलेल्यांची रांग आणि न काढलेल्यांची रांग दारापाशी एकच झालेली. दार उघडेना. पिवळी जाकिटं घातलेले व्यवस्थापक फिरत होते, एक म्हणे डावीकडे जा, दुसरा म्हणे डावीकडून कुणी पाठवलं तुम्हाला. (आपल्या आत्याच्या लग्नात आचारी पळाला होता ना, तरी याहून बरं चाललं होतं.) आत गेलो तर लिफ्ट बंद, कर्ण्यातून काहीतरी सांगत होते ते कुणालाच कळत नव्हतं, आणि आजूबाजूला शिंगं, शेपट्या, रक्ताचे रंग फासलेली तोंडं. एक हाडांचा सापळा मला खुर्ची शोधायला गेला तो परत आलाच नाही. बारकीच्या लाडक्या चित्रकार बाई सही देणार होत्या, त्याचे नंबर वरच्या मजल्यावर मिळत होते. मला जिना झेपेना. बारकीनं मला एका खांबापाशी उभं केलं आणि बजावलं, “आजी, काही झालं तरी हा खांब सोडायचा नाही.”

पण नुसतं उभं राहू देतील तर शपथ. पिवळं जाकीट यायचं, म्हणायचं, चला पुढे, इथे थांबायचं नाही, थांबायचं तर रांगेत. म्हणून खांबाशेजारून जाणारी रांग होती तिच्या शेवटी मी उभी राहिले. तिथली पद्धत अशी, की जो शेवटचा त्यानं ‘रांग इथे संपते’ अशी पाटी उंच धरायची आणि मागे कुणी आलं की त्याच्या हातात द्यायची. माझ्या हातात आली ती राहिलीच. कारण रांग सरकली असती तर मी सरकले असते, आणि खांब सुटला असता. जो येईल त्याला मी म्हणायची, तू हो पुढे बाळा. लोक काय खूश. रांग पुढून फुगली, वाकडी झाली, पण माझा खांब जागेवर. कशाची रांग आहे म्हणून विचारलं तर मला काय माहीत.

बारकी येईना. मग वरून गलका ऐकू आला आणि खाली येणाऱ्यांचे चेहरे उतरलेले दिसले. सहीची जागा आयत्या वेळी बदलली, सगळे एकाच जिन्यावर आले आणि खालचं दार कुणीतरी लावून घेतलं, असं कळलं. एका दाढीवाल्या पिवळ्या जाकिटाला विचारलं, तर म्हणाला, आजी, काही झालेलं नाही. काही झालेलं नाही असं इतक्या घाईनं कुणी सांगतं का? तेवढ्यात तो खोकं उचलून निघाला. आत सापडलेल्या वस्तू होत्या: एक चप्पल, एक तुटका चष्मा, आणि वर लालभडक केस.

ताई, मी त्याचं जाकीटच धरलं. मी विचारलं, यातलं डोकं कुठे आहे? तो म्हणाला, वस्तू उद्या मिळतील. शोधायला जावं तर खांब सुटतो, आणि पोर परत आली तर मी नाही. थांबावं तर जीव थांबू देईना. एका हातानं खांबाला मिठी मारली, दुसऱ्या हातात पाटी, आणि दिसेल त्या लाल डोक्याकडे बघत राहिले. मधेच एक पोरगी येऊन पाटीसाठी हात पुढे करून उभी राहिली. केस जाळीत चप्प बसवलेले, काजळ गालांवर उतरलेलं, एक पाय अनवाणी. मी तिच्याकडे धड बघितलंही नाही. म्हटलं, तू जा बाळा पुढे, मी माझ्या माणसाची वाट बघतेय.

ती म्हणाली, “आजी, अगं मीच आहे.”

मी पाटी टाकली. मग आम्ही दोघी खांबाला टेकून खूप रडलो आणि पिवळं जाकीट म्हणालं, इथे बसायचं नाही. सही राहिली ती राहिलीच. पण जिन्यात एका अनोळखी मुलीनं बारकीचा हात शेवटपर्यंत सोडला नव्हता. तिच्याबद्दल घरी येईपर्यंत बोलत होती ही. बोलत होती, ताई.

भावजींना नमस्कार सांग. प्रकृतीला जप.

तुझी
धाकटी

ता.क. थोरल्याला मी सांगितलंय की व्यवस्था उत्तम होती आणि मला खुर्ची मिळाली होती. त्याचा फोन आला तर तूही हेच ऐकलंयस.

ता.क. पुन्हा. ज्यासाठी पत्र लिहिलं ते राहिलंच. बारकी म्हणते, मेले तरी पुन्हा तिथे पाऊल टाकणार नाही. ती जिन्यातली मुलगी आता रोज घरी येते, दोघी गच्चीवर हसत बसतात, आणि मी गोष्टी एकटीच बघते. तो जिना आठवला की अजून मला घाम फुटतो. पण ताई, मला पुन्हा जायचंय. ती तुझं ऐकते, तिला दोन ओळी लिही. मला एकटीला थोरला पाठवणार नाही. म्हणेल, बरोबर कुणी मोठं माणूस आहे का?