वंदनाची दोन बोटं

मंगळवार, संध्याकाळ

रॉक गायक निनादनेच वंदनाची बोटं मोडली. तिच्या आईने आज कामठीच्या घरी मला स्वतः सांगितलं. वंदना त्याची बायको, बँडमध्ये कीबोर्ड वाजवायची. एक सूर चुकला म्हणून त्याने कीबोर्डच्या पेटीचं जड झाकण तिच्या हातावर आपटलं. मी तेव्हा त्याच्या शब्दावर पेपरात ‘अपघात’ छापला. तिला साधं विचारलंही नाही.

“माह्या पोरीचा हात मोडला त्यानं, अन् तुम्ही त्याले देव बनवून राहिले, भाऊ!”

गाण्यांत बाईला देवी म्हणणारा हा भंपक माणूस, आणि त्याच्यावर जीव टाकणारं आमचं नागपूर. वंदनाची दोन बोटं अजून वळत नाहीत.

उद्या ती पोलिसांत तक्रार देणार आहे. मग निनाद पत्रकारांना बोलावून रडेल. पहिल्या रांगेत माझी खुर्ची राखलेली असेल, जुना दोस्त म्हणून.