चार नंबरच्या बससाठी प्रार्थना

सोमवार, ३ मार्च. पहाटे ४.४५

आजपासून रोजनिशी. पुढाऱ्याने स्वतःची नोंद ठेवली पाहिजे. अजून पुढारी नाही, पण शिट्टीचा गुडघा महिनाअखेरीस बदलायचा आहे, म्हणजे जागा रिकामी होणारच. शिट्टी म्हणजे आमच्या चर्चच्या पुरुषांच्या पहाटवर्गाचा म्होरक्या, निवृत्त पीटी मास्तर. सोमवार, बुधवार, शुक्रवार साडेपाचला चर्चमागच्या मैदानावर घाम गाळायचा. मग गोलात उभं राहून शास्त्रभाग वाचायचा आणि ज्याच्या मनावर जे ओझं असेल ते त्याने बोलून टाकायचं. नियम एकच. गोलातलं गोलातच.

इथे प्रत्येकाला टोपणनाव मिळतं. मी शाळेत हेडक्लार्क. माझं 'रबरस्टॅम्प' ठेवलं. अधिकाराची दखल पहिल्याच दिवशी घेतली गेली.

सकाळी ७.१०

पुश-अप्स चौदा. शेवटचे तीन मनातल्या मनात. धावण्यात मागे राहिलो, मुद्दाम. इथली पद्धत अशी की पुढचे लोक वळून शेवटच्या माणसापर्यंत परत येतात आणि त्याच्या वेगाने धावतात. आज सात माणसं माझ्या वेगाने धावली. याला नेतृत्व म्हणतात.

मेहुणा (दातांचा डॉक्टर, बायकोचा धाकटा भाऊ) म्हणाला, "भाऊजी, मधूनमधून श्वासही घेत जा." मत्सर.

बुधवार, ५ मार्च

गेलो नाही. डाव्या पायाची करंगळी. प्रभू हजेरीपट बघत नाही.

शुक्रवार, ७ मार्च. सकाळी ७.३०

आज गोलात स्टेअरिंग रडला. स्टेअरिंग आमच्याच शाळेच्या चार नंबरच्या बसचा ड्रायव्हर. चौदा महिने थेंबाला शिवला नव्हता. म्हणाला, गेल्या शनिवारी भावाला पुरून आलो आणि घरात बसून दोन पेग घेतले. सुट्टी होती, गाडीला हात लावला नाही, त्यानंतर थेंब नाही. पण बायकोला तोंड दाखवायची लाज वाटते, आणि शाळेत कळलं तर नोकरी जाईल, दोन पोरी आहेत. सगळ्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवले. शिट्टीचेही डोळे भरले.

मग माझी पाळी. मी सांगितलं की प्रकृती ठीक आहे, ऑफिसात मात्र सगळे कामचुकार. माझ्या खांद्यावर कोणी हात ठेवला नाही. पोहोचले नसतील.

जाताना स्टेअरिंग म्हणाला, "दादा, तुम्ही शाळेतले, म्हणून जरा धाकधूक होती. पण आता मोकळं वाटतंय." मी म्हणालो, काळजी सोड, मी आहे ना.

त्याच्यासाठी काहीतरी केलं पाहिजे. मोठं.

रविवार, ९ मार्च. दुपारी

केलं. उपासनेत मध्यस्थीच्या प्रार्थनेची वेळ आली तेव्हा उठून माईक घेतला. हे प्रभू, तुझं एक लेकरू पुन्हा बाटलीकडे वळलं आहे, त्याला सावर. नाव घेतलं नाही. नाव न घेणं ही माझी खासियतच. फक्त 'रोज सकाळी चार नंबरच्या बसमधून आमची लेकरं शाळेत पोहोचवणारा' एवढंच म्हणालो. प्रार्थना मोघम असली की वर पोहोचत नाही.

बायकोने कोटाचं टोक ओढलं. भारावली असावी. स्टेअरिंगची बायको दोन्ही पोरींना घेऊन मधूनच उठून गेली. गॅसवर काही ठेवलं असेल. आमच्या मुख्याध्यापिका तिसऱ्या बाकावर होत्या. त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. वीस वर्षांत पहिल्यांदा.

घरी आल्यावर बायकोने विचारलं, "ही प्रार्थना होती की चुगली?" मी समजावलं की चुगली माणूस डोळे उघडे ठेवून करतो. माझे मिटलेले होते.

सोमवार, १० मार्च

स्टेअरिंग मैदानावर आला नाही. नियमितपणाचा अभाव.

ऑफिसात साडेनऊपर्यंत पालकांचे अकरा फोन. मुख्याध्यापिकांनी बोलावलं. म्हणाल्या, चौकशी होईपर्यंत ड्रायव्हर निलंबित, पत्र तयार करा. मी टाईप केलं. त्या 'दारू पिऊन' म्हणाल्या होत्या, मी 'कथित मद्यसेवन' केलं. मित्रासाठी एवढं तर करावंच लागतं.

पत्र न्यायला तो माझ्याच खिडकीवर आला. मैदानावर मला दादा म्हणतो. आज विचारलं, "साहेब, सही इथेच ना?" आदर वाढला आहे. सही करताना पेन दोनदा खाली पडलं. पेन आपलं होतं, त्यामुळे उचलून मी दिलं.

बुधवार, १२ मार्च. सकाळी

व्यायाम झाल्यावर शिट्टीने बाजूला घेतलं. वाटलं, गुडघ्याचा विषय. तर म्हणाला, "अर्धं तू बाहेर काढलंस, आता उरलेलं अर्धंही तूच काढ." परवा चौकशी आहे. सुट्टीचा दिवस होता, गाडीला हात लावला नाही, चौदा महिने कोरडा होता, हे शाळेत सांगू शकेल असा माणूस मी एकटाच. बाकीच्यांना तिथे कोण विचारतो? "तू बोललास तर त्याची नोकरी वाचेल. नाही बोललास तर जाईल. इतकं सोपं आहे," म्हणाला.

शब्द दिला. हात हातात घेऊन दिला.

मुख्याध्यापिकांच्या टेबलावर माझ्या प्रमोशनची फाईल तीन महिने पडून आहे. त्याचा या गोष्टीशी काही संबंध नाही. नोंद म्हणून लिहिलं.

गुरुवार, १३ मार्च. संध्याकाळी

निवेदन तयार. चार पानं. आरशासमोर तीनदा वाचलं. पहिलं पान पुरुषांच्या व्यायामाचं महत्त्व, दुसरं माझी सेवा, तिसऱ्याच्या शेवटी स्टेअरिंग येतो. चौथं जोरदार आहे. 'मॅडम, जो माणूस स्वतः होऊन आपली चूक सांगतो, त्याच्या बसमध्ये मी माझं पोर डोळे झाकून बसवेन.' बायको भाजी निवडत होती, थांबली. म्हणाली, "हे शेवटचं वाक्य. तेवढंच बोला. बाकीचं फाडून टाका." मग बऱ्याच दिवसांनी माझ्या कपात साखर घालून तिने स्वतः ढवळली.

उद्याचा शर्ट निळा.

शुक्रवार, १४ मार्च. दुपारी १२.४०

चौकशी सहा मिनिटं चालली. मुख्याध्यापिका, समितीचे दोघे, समोरच्या खुर्चीवर स्टेअरिंग. इस्त्रीचा शर्ट घालून आला होता, हातात टोपी. मला पाहून किंचित हसला.

मुख्याध्यापिकांनी विचारलं, "दारू प्यायल्याचं याने तुमच्यासमोर कबूल केलं? हो की नाही?"

म्हणालो, हो.

पुढे बोलणार होतो. कागद खिशात होते, हातही खिशात गेला होता. त्यांनी चष्मा काढून विचारलं, "आणखी काही?" खोलीत पंखा फिरत होता. टेबलावर फाईलींचा गठ्ठा, त्यात माझी वरून दुसरी. स्टेअरिंग टोपी फिरवायचा थांबला.

म्हणालो, नाही मॅडम.

नेमक्या प्रश्नाला नेमकं उत्तर ही ऑफिसची शिस्त आहे. सगळं मीच कसं बोलणार? तो स्वतः का बोलला नाही? बोलला असता तरी त्याचं कोण ऐकतं?

दुपारी ४.१५

सेवासमाप्तीचं पत्र टाईप केलं. एकही चूक नाही.

रात्री ९.३०

जेवताना बायकोने विचारलं, "बोललात?" म्हणालो, विचारलं तेवढ्याचं उत्तर दिलं. तिने ताट उचललं आणि आतल्या खोलीत जाऊन जेवली.

सोमवार, ३१ मार्च

निवड झाली! शिट्टीने विचारलं, परवापासून वर्ग कोण घेणार. एकही हात वर नाही. मग माझा गेला. विरोध शून्य. शिट्टीने मला शिट्टी दिली, म्हणाला, "घे." बाकी काही म्हणाला नाही. भाषणाची सवय नाही त्याला.

आठाचे सहा झालो आहोत. स्टेअरिंग बायकोपोरींसह सासुरवाडीला राहायला गेला, असं मेहुण्याकडून कळलं. तिथे कुठे पोती उतरवायचं काम मिळालंय म्हणे. काम मिळालं हे चांगलंच झालं.

प्रमोशनची फाईल 'पुढील वर्षी विचार करावा' अशा शेऱ्यासह परत आली. शेरा मीच रजिस्टरमध्ये चढवला.

बुधवार, २ एप्रिल. सकाळी ६.२०

माझ्या नेतृत्वाखाली पहिला दिवस. सहाजण वेळेवर. जोर, बैठका, दोन फेऱ्या, सगळं निमूटपणे. मग गोल. शास्त्रभाग मी वाचला. विचारलं, कोणाच्या मनावर काही?

मेहुणा म्हणाला, "ठीक आहे." बेकरीवाला म्हणाला, "ठीक." इलेक्ट्रिशियनने मान हलवली. उरलेल्या दोघांनी त्याच्याकडे बघून मान हलवली. पूर्वी गोलाला अर्धा तास लागायचा. आज दोन मिनिटं. वेळेची शिस्त.

मग माझी पाळी. बोलायचं होतं. की झोप लागत नाही. की बायको तीन आठवडे फक्त 'मीठ हवंय का' एवढंच विचारते. की चार नंबरची बस फाटकातून वळते तेव्हा मी खिडकी बंद करतो, आणि नवीन ड्रायव्हर उगाच हॉर्न वाजवतो.

पाचही जण आपापल्या बुटांकडे बघत होते.

म्हणालो, "ठीक आहे."