बारावी करवंटी

४ मे १९८६
पुण्याहून संशोधक बाई आल्या. समाजाच्या भल्यासाठी धंदा उभारणाऱ्यांवर प्रबंध लिहिताहेत – म्हणजे माझ्यावर! नऊ वर्षं माझ्या पडवीत आमसुलांचं महिला केंद्र चालवतोय. शेवटी दखल घेतली कुणीतरी. मी बावीस पानांचं टिपण तयारच ठेवलं होतं. बाईंनी चाळलं आणि कोनाड्यात ठेवलं.

६ मे
बाईंना प्रश्नावली नको. चित्र काढताना माणसं खरं बोलतात म्हणे! आमसुलांसाठी रातांबे फोडणाऱ्या अकरा जणींना अंगणात बसवून रांगोळी दिली. "तुमचं केंद्र काढा. माणसांच्या जागी करवंट्या ठेवा." यावर विद्यापीठ पदवी देतं.

मधली जागा मोकळी सोडलेली. माझी असणार, म्हणून मी ओटीवर सावरून बसलो. त्यांच्यातल्या तुळसाने तिथे रातांब्यांची पाटी मांडली. भोवती करवंट्या – मोजल्या तर बारा! शिकवून शिकवून थकलो, तरी हिशेब कच्चाच. माझी वेगळी, बेड्याबाहेर – अंगणाच्या फाटकापलीकडे – फणसाखाली.

"गुरुजी आमचे राखणदार," तुळसा म्हणाली.

७ मे
राखणदार! थेट देवाच्या पंगतीला बसवलं. बाईंना म्हटलं, हे प्रबंधात ठळक घ्या. त्यांनी विचारलं, "राखणदारासाठी गाव काय करतं?" सांगितलं – वर्षातून एकदा नारळ ठेवून गाऱ्हाणं घालतात, आमच्या वाटेत येऊ नको म्हणून. बाईंनी लिहून घेतलं. आमची ही आत रातांबे निवडत होती, ती खुदकन हसली. का हसलीस, विचारलं. "काय नाय."

९ मे
बाई गेल्या. टिपण कोनाड्यातच.

१२ मे
सकाळी अकरा जणी कामाला न बसता फणसाखाली उभ्या. मला तिथेच बोलावलं. तुळसाने माझ्या पायांशी नारळ ठेवला आणि सरळ गाऱ्हाणंच घातलं – "गुरुजी, तुमच्यामुळे आमी शिकलंव. आता कट्ट्याच्या बाजारात आमचा आमी केंद्र काढतंव. चुकला-माकला पदरात घेवा, आणि आडे येव नकात."

"व्हय म्हाराजा," बाकीच्या म्हणाल्या.

मी मान डोलावली. दुसरं काय करणार? घरात येऊन मात्र रडलो. फार लागलं. हिने पाणी दिलं.

१३ मे
बारावी करवंटी कुणाची, ते कळलं. ही पहिल्या एस्टीने कट्ट्याला गेली. माझं जेवण झाकून ठेवलंय.